पन्नास मीटरचा कागद आणि दोनशे मीटरचा कागद

कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतील माझ्या वर्कशॉपमध्ये टेबलाच्या काचेखाली दोन कागद ठेवलेले आहेत. एकावर पाच गोळ्यांची छिद्रे एकमेकांत मिसळली असून ती सगळी रुपयाच्या नाण्याखाली झाकली जातात. दुसऱ्यावर दहा छिद्रे आहेत आणि ती ज्वारीच्या ताटासारखी उभी, एकाखाली एक पसरली आहेत. रुंदी जेमतेम ७ सेंटिमीटर आणि उंची २४. दोन्ही कागद एकाच सकाळचे, एकाच रायफलचे आणि एकाच खोक्यातील काडतुसांचे आहेत. पहिला ५० मीटरवर लावला होता आणि दुसरा २०० मीटरवर. पहिल्यासारख्याच एका कागदावर भाळून मी ती रायफल घेतली होती. दुसरा कागद हातात आल्यावर मात्र लांब पल्ल्यासाठी .२२, म्हणजे .२२ इंच नळीची छोटी रायफल, कशी पारखायची, हे मला पुन्हा मुळाक्षरांपासून शिकावे लागले.

माझा या प्रकारच्या रायफलीशी परिचय सांगलीच्या विलिंग्डन महाविद्यालयात असताना एनसीसीमध्ये झाला. पंचवीस मीटरवर पालथे पडून पाच गोळ्या मारायच्या आणि उस्तादांनी ग्रुप, म्हणजे छिद्रांच्या पुंजक्याचा फैलाव, मोजायचा, एवढाच तो अनुभव होता. पुढे तीस वर्षे लेथ आणि ग्राइंडर यांच्या संगतीत गेली आणि नेमबाजी मागे पडली. पन्नाशीनंतर क्लबाचे सदस्यत्व घेतले तेव्हा हाताची थरथर वाढली होती, परंतु धातूच्या वस्तूकडे पाहण्याची नजर तयार झाली होती. या लेखात जे लिहितो आहे ते त्या नजरेने पाहिलेले आहे. मी पदके मिळवलेला नेमबाज नाही.

ऑगस्ट २०२४ मध्ये राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन या प्रकारात कांस्यपदक मिळवले, आणि तेव्हापासून आमच्या भागात ‘स्वप्नीलसारखी रायफल कोणती घ्यावी’ हा प्रश्न वारंवार कानावर येतो. कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्युनिक येथे ५० मीटर प्रोनमध्ये, म्हणजे पालथे पडून मारण्याच्या प्रकारात, जागतिक विजेतेपद मिळवले, तेव्हाही तो विचारला जात असे. प्रश्न चांगला आहे, परंतु त्याचे उत्तर ५० मीटरपुरतेच खरे आहे. त्या स्पर्धेतील लक्ष्याचे दहाचे वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते, अंतर बदलत नाही, आणि रायफलीचा प्रत्येक भाग त्या एका अंतरासाठी घडवलेला असतो. आमच्या क्लबाला वर्षातून काही ठरावीक दिवशी लांब रेंज वापरण्याची परवानगी मिळते आणि तेथे आम्ही १०० ते २०० मीटरवर याच .२२ लाँग रायफल काडतुसाने सराव करतो. आमच्यातील एक निवृत्त सुभेदार, मूळचे साताऱ्याकडील अपशिंग्याचे, पहिल्याच दिवशी मला म्हणाले होते, “दोनशे मीटर म्हणजे आमच्या पलटणीतल्या रायफलीला घरचं अंगण होतं, साहेब, पण ह्या पोरीला तो परगाव आहे.”

हा परगाव किती दूरचा आहे, हे आकड्यांतून कळते. हे काडतूस १८८७ पासून वापरात आहे आणि त्याची ४० ग्रेनची, म्हणजे अडीच ग्रॅमहून थोडी अधिक वजनाची शिशाची गोळी स्पर्धेच्या काडतुसातून सेकंदाला सुमारे ३३० मीटर वेगाने निघते. हा वेग जाणूनबुजून ध्वनीच्या वेगाच्या खाली ठेवलेला असतो. बाजारात याहून जलद काडतुसेही मिळतात, परंतु त्यांची गोळी वाटेत ध्वनीचा वेग ओलांडून खाली येते, त्या संक्रमणात तिचा तोल बिघडतो, आणि शंभर मीटरच्या पुढे तिचा भरवसा राहत नाही. वेगाच्या मोहात पडून आमच्यातील अनेकांनी पहिली दोन-चार खोकी वाया घालवली आहेत.

५० मीटरवर शून्य साधलेली, म्हणजे त्या अंतरावर नेम धरला तेथेच गोळी लागेल अशी जुळवलेली, रायफल १०० मीटरवर अंदाजे २० सेंटिमीटर खाली मारते आणि २०० मीटरवर जवळजवळ दीड मीटर खाली. तेवढी दुरुस्ती दुर्बिणीच्या बुरुजावर, म्हणजे नेम वर-खाली करण्याच्या गोल कळीवर, फिरवून घेता येते, त्यामुळे ही घट स्वतः अडचण नाही. अडचण ही की प्रत्येक गोळीचा वेग सारखा नसतो. दोन गोळ्यांच्या वेगात सेकंदाला १० मीटरचा फरक असेल, तर ५० मीटरवर त्या एकमेकींपासून फक्त ७ मिलिमीटर वर-खाली लागतात आणि तो फरक ग्रुपमध्ये सहज लपून जातो. २०० मीटरवर मात्र त्याच दोन गोळ्यांमध्ये १२ ते १३ सेंटिमीटरचे अंतर पडते. अंतर चौपट झाले, परंतु उभा फैलाव अठरापट झाला. माझ्या दुसऱ्या कागदावरील ज्वारीचे ताट असे उगवले होते. नंतर वेगमापक यंत्र मागून आणले, तेव्हा त्या काडतुसांच्या दहा गोळ्यांमधील सर्वांत जलद आणि सर्वांत मंद गोळीत सेकंदाला १७ मीटरचा फरक निघाला.

म्हणून माझा पहिला आग्रह असा आहे की, लांब पल्ल्यासाठी रायफल निवडताना ५० मीटरच्या सुंदर कागदाला भुलू नये, आणि शक्य असेल तर ती वाऱ्याविना सकाळी २०० मीटरवर मारून केवळ उभा फैलाव मोजावा. आडवा फैलाव बहुधा वाऱ्याचा किंवा आपला असतो. उभा फैलाव हा रायफल आणि काडतूस यांनी मिळून दिलेली साक्ष असते. तीन गोळ्यांचा ग्रुप हा पुरावा नव्हेच. पाच गोळ्यांचे पाच ग्रुप किंवा दहांचे दोन, याहून कमीवर कोणी मत देत असेल तर चहा पिऊन उठावे.

आता रायफलीकडे वळू. सर्वांत आधी चेंबर, म्हणजे काडतूस बसण्याची जागा. साध्या रायफलीत ही जागा थोडी सैल ठेवतात, कारण बाजारातील कोणतेही काडतूस तिच्यात बसले पाहिजे. स्पर्धेच्या चेंबरमध्ये बोल्ट, म्हणजे चेंबर मागून बंद करणारा सरकता दांडा, बंद करतानाच गोळीचे टोक नळीतील आट्यांना टेकते, त्यामुळे गोळी नळीच्या मध्यरेषेत सुरुवात करते. लेथवर काम केलेल्या माणसाला हे वेगळे समजावून द्यावे लागत नाही. चकमध्ये तुकडा वाकडा धरला तर पुढे कितीही काळजीपूर्वक टर्निंग केले तरी तो वाकडाच राहतो. नळीच्या आतील पृष्ठभाग आणि तोंडाची कड हीही तितकीच महत्त्वाची, परंतु ती डोळ्यांनी पारखणे अवघड आहे. जुनी रायफल घेताना मी तोंडाच्या कडेवर कापसाचा बोळा फिरवतो. धागा अडकला तर कड दुखावलेली आहे असे समजतो. नळीच्या लांबीबद्दल मात्र गैरसमज फार आहेत. या काडतुसातील दारू इतकी थोडी असते की १६ ते १८ इंचांत तिचे काम आटोपते. ऑलिंपिक प्रकारच्या रायफलींची नळी लांब असते, त्यामागचे एक मोठे कारण म्हणजे डायॉप्टर, म्हणजे डोळ्याजवळचे बारीक छिद्राचे नेमसाधन, आणि नळीच्या टोकाकडील नेमाचे वर्तुळ यांच्यात लांब अंतर मिळावे. दुर्बीण लावणाऱ्याला त्या लांबीचा उपयोग नाही. त्याने जाड आणि आखूड नळी घ्यावी.

दुसरी गोष्ट म्हणजे ठिणगी. रिमफायर काडतुसात स्फोटक मसाला तळाच्या कडेच्या आत गोल फिरवून भरलेला असतो आणि फायरिंग पिन त्या कडेवर आपटून ती चेपते. कडेची जाडी साधारण एक मिलिमीटर असते आणि काडतूस चेंबरमध्ये किती आत बसणार हेही तीच कड ठरवते. याचा अर्थ असा की पिनचा ठोका थोडा उथळ पडला, स्प्रिंग थोडी थकली, किंवा बोल्ट आणि नळी यांच्यातील फट थोडी अधिक राहिली, तर ठिणगी प्रत्येक वेळी सारखी पडत नाही, आणि ठिणगी सारखी नाही म्हणजे वेग सारखा नाही. विकत घेण्याआधी मारलेल्या काडतुसांच्या पाच-सहा रिकाम्या पुंगळ्या गोळा करून त्यांच्या कडेवरील ठशांची तुलना भिंगाखाली करण्याची सवय मला सुभेदारसाहेबांनी लावली. ठसे एकाच खोलीचे, एकाच आकाराचे आणि स्वच्छ असावेत. हे पाहायला पाच मिनिटे लागतात आणि विक्रेता त्या वेळेत नळीच्या चकाकीबद्दल जे बोलतो त्याकडे लक्ष देण्याची गरज उरत नाही.

माझ्याच रायफलीत दोष येथे होता. ठसे एकीकडे उथळ होते. वर्कशॉप स्वतःचे असल्यामुळे स्प्रिंग काढून बदलण्याचा मोह मला झाला, परंतु परवान्यावरील शस्त्राला अशी हत्यारे लावायची नसतात; दुरुस्ती परवानाधारक आर्मररकडूनच, म्हणजे शस्त्रदुरुस्ती करणाऱ्याकडूनच, करून घ्यावी लागते आणि मी ती तशीच करून घेतली. तोवर काडतुसांचा लॉट, म्हणजे एकत्र बनवलेली खेप, बदलून मी २४ सेंटिमीटरवरून १७ वर आलो होतो. स्प्रिंग बदलल्यावर, त्याच नव्या लॉटच्या काडतुसांवर, २०० मीटरवरील उभा फैलाव १७ सेंटिमीटरवरून १४ वर आला. माझ्या आनंदाला तेवढे पुरेसे होते, परंतु तुलना अजून व्हायची होती.

ट्रिगरबद्दल थोडक्यात लिहितो, कारण त्यावर लोक गरजेपेक्षा जास्त बोलतात. तो स्वच्छ सुटावा, सुटल्यावर पुढे लोंबकळू नये आणि त्याचे वजन जुळवता यावे. मात्र .२२ च्या गोळीला नळीतून बाहेर पडायला वेळ लागतो आणि तेवढ्या वेळात नेमबाजाने रायफल हलवली तर ट्रिगर कितीही मऊ असला तरी काही उपयोग नाही. चाप ओढल्यानंतरही एक श्वास रायफल तशीच धरून ठेवणे, हे कोणत्याही दुकानात मिळत नाही.

दुर्बिणीचा मुद्दा मात्र खरोखर निवडीचा भाग आहे आणि तो रायफलीबरोबरच ठरवावा लागतो. ५० वरून २०० मीटरला जाताना सुमारे साडेसात मिल वर जावे लागते. मिल म्हणजे १०० मीटरवर १० सेंटिमीटर, ही मोजपट्टी एकदा अंगवळणी पडली की गणित सोपे होते. सपाट रेलवर, म्हणजे दुर्बीण धरणाऱ्या पट्टीवर, बसवलेल्या बहुतेक दुर्बिणींचा वरचा प्रवास तेथे संपत आलेला असतो आणि काठावर पोचलेली भिंगे चांगली चालत नाहीत. म्हणून पुढे उतार असलेली, वीस मिनिटांच्या (मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग) कोनाची रेल लावतात. तिने जवळजवळ सहा मिल आधीच हातात मिळतात. रायफल घेतानाच अशी रेल तिच्या रिसिव्हरवर, म्हणजे नळी आणि बोल्ट धरणाऱ्या सांगाड्यावर, घट्ट बसते का, हे पाहावे. आन्शुट्झसारख्या स्पर्धेच्या रायफलींच्या रिसिव्हरवर ११ मिलिमीटरची खाच असते आणि तेथे वेगळा जोड लागतो. त्याखेरीज दुर्बिणीचा पॅरलॅक्स २५ ते ५० मीटरपर्यंत खाली जुळवता आला पाहिजे. मोठ्या रायफलींसाठी बनवलेल्या अनेक दुर्बिणी १०० मीटरला कायमच्या बांधलेल्या असतात आणि जवळच्या अंतरावर डोळा जरा सरकला की नेमही सरकतो.

आता प्रत्यक्ष निवड. आमच्या क्लबात तीन रायफली आळीपाळीने मारून पाहण्याची संधी मिळाली. एक माझी, जिचे नाव येथे महत्त्वाचे नाही. दुसरी एका सहकाऱ्याची सीझेड ४५७, स्पर्धेच्या चेंबरची. आणि तिसरी क्लबाची जुनी, एकेक गोळी भरायची, ५४ मालिकेची आन्शुट्झ. आन्शुट्झ हे घराणे १८५६ पासूनचे, आज जर्मनीतील उल्म येथे, आणि त्या बोल्टची हालचाल हाताला जाणवते ती मिरजेच्या जुन्या कारागिराने जमवलेल्या सतारीच्या खुंटीसारखी; कोठे सैल नाही आणि कोठे अडत नाही. सीझेड चेक प्रजासत्ताकातील आहे. तिची नळी दोन स्क्रूंवर धरलेली असते आणि बदलता येते, ट्रिगर जुळवता येतो, मॅगझिन आहे. याच वर्गात फिनलंडची टिक्का टी१एक्स आणि स्पेनची बर्गारा बी१४आर यांचीही नावे घेतली जातात. टिक्काला तिच्या थोरल्या बहिणीचे, टी३एक्सचे दस्ते चालतात आणि बर्गारा रेमिंग्टन ७०० च्या मापाच्या दस्त्यात बसते, त्यामुळे मोठ्या रायफलीचा सराव करणाऱ्यांना त्या सोयीच्या पडतात.

तीन रविवार, एकच लॉट, सूर्योदयानंतरचा पहिला तास. ५० मीटरवर तिन्ही रायफली इतक्या जवळ होत्या की कागद आलटून-पालटून ठेवले असते तर मला ओळखता आले नसते. २०० मीटरवर दहा गोळ्यांचा उभा फैलाव आन्शुट्झचा ११ सेंटिमीटर, सीझेडचा १३, आणि नवी स्प्रिंग घातलेल्या माझ्या रायफलीचा १४. म्हणजे जिच्या नावाने मी रात्री झोपत नव्हतो, ती रायफल दुसरीपासून एका सेंटिमीटरने मागे होती. पहिल्या दिवशीच्या २४ सेंटिमीटरमधील सर्वांत मोठा वाटा काडतुसांचा होता, त्याच्या खालोखाल स्प्रिंगचा, आणि नळीचा वाटा सर्वांत शेवटी येत होता. तीन सेंटिमीटरसाठी कितीतरी अधिक पैसे मोजून, प्रोनच्या पट्ट्यासाठी आणि डायॉप्टरसाठी घडवलेला जड दस्ता दुर्बिणीखाली वापरण्यात मला शहाणपण दिसले नाही. मी सीझेडच्या वर्गातील रायफल घ्यायचे ठरवले. जिला ऑलिंपिक प्रकारात उतरायचे आहे अशा माझ्या साताऱ्याच्या भाचीला मात्र मी याच्या अगदी उलट सल्ला दिला आहे.

घ्यायचे ठरवणे आणि घरी आणणे यांत आपल्याकडे बराच काळ जातो. शस्त्र अधिनियम १९५९ नुसार जिल्हादंडाधिकाऱ्यांचा परवाना, त्यासाठी पोलीस पडताळणी, आणि परवान्यावर काडतुसांची मर्यादा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला दोनच बंदुका ठेवता येतात. मात्र मान्यताप्राप्त रायफल क्लबाच्या, लक्ष्यसरावासाठी .२२ वापरणाऱ्या सदस्याला कायद्याने या मर्यादेतून वगळले आहे, आणि अनेकांना ही गोष्ट माहीत नसल्यामुळे ते घरातील वडिलार्जित बंदूक घाईने काढून टाकतात. परवान्याची मुदत आता पाच वर्षांची आहे. जुनी रायफल एका परवानाधारकाकडून दुसऱ्याकडे जाताना तिची नोंद दोन्ही परवान्यांवर झालीच पाहिजे. माझा अर्ज एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाण्यास जो वेळ लागला त्या वेळात आमच्याकडे द्राक्षाचा एक हंगाम संपून दुसऱ्याची छाटणी झाली होती, एवढेच लिहून थांबतो.

गावाकडील मित्र हमखास विचारतात की एवढी रेंज कशाला शोधता, आमच्या उसाच्या फडाकडेला या. याला उत्तर एकच आहे. ही लहानशी गोळी दीड किलोमीटरच्या आसपास जाऊ शकते, आणि उसाचा पाला तिला थांबवत नाही; पलीकडे मळ्यात कोण पाणी पाजत असेल हे दिसत नाही. मातीचा बांध आणि परवाना असलेली रेंज यांच्याबाहेर ती मारणे हा गुन्हाही आहे आणि मूर्खपणाही.

वाऱ्याचा उल्लेख केल्याशिवाय हे पुरे होणार नाही, जरी तो निवडीनंतरचा विषय असला तरी. ताशी १० किलोमीटरचा आडवा वारा, म्हणजे गालाला जेमतेम जाणवणारी झुळूक, १०० मीटरवर गोळी चार-पाच सेंटिमीटर सरकवतो आणि २०० मीटरवर सतरा-अठरा. ढालगावच्या पठारावरील पवनचक्क्या ज्या वाऱ्यावर फिरतात त्यात .२२ घेऊन बसणे म्हणजे निव्वळ वाऱ्याचा अभ्यास आहे, रायफलीची परीक्षा नव्हे. रायफल पारखायची असेल तर डिसेंबरातील सकाळ निवडावी. मात्र त्या सकाळी काडतुसांवरील मेणही कडक झालेले असते आणि एप्रिलमध्ये ४० अंशांवर साधलेले आकडे तेथे चालत नाहीत, म्हणून मी दोन ऋतूंच्या दोन वह्या ठेवतो.

शेवटी काडतुसे, ज्यांच्यापासून खरे तर सुरुवात करायला हवी होती. एली, लापुआ, एसके, आरडब्ल्यूएस यांच्या प्रत्येक खोक्यावर लॉटचा क्रमांक छापलेला असतो. एकाच नावाचे दोन लॉट एकाच रायफलीत इतके वेगळे वागतात की नाव सारखे का ठेवले असा प्रश्न पडावा. एली आणि लापुआ यांच्या स्वतःच्या चाचणी केंद्रांत नेमबाज आपली रायफल नेऊन लॉट निवडतात. आपण सांगलीकर तेथे जाण्याची शक्यता नसल्यामुळे आम्ही क्लबातर्फे उपलब्ध असलेल्या प्रत्येक लॉटचे एकेक खोके घेतो. नवा लॉट सुरू करताना पहिल्या पंधरा गोळ्या मोजत नाही, कारण नळीत आधीच्या मेणाचा थर असतो आणि नवा थर बसेपर्यंत ग्रुप भटकतो. त्यानंतर दहांचे दोन ग्रुप ५० मीटरवर, वेगमापक लावून. वेगातील फरक सेकंदाला ८ मीटरच्या आत राहिला तरच तो लॉट २०० मीटरवर न्यायचा, नाहीतर तो ५० मीटरच्या सरावात संपवायचा. कडेची जाडी मायक्रोमीटरने मोजून काडतुसे वेगळी करण्याचा उद्योगही मी दोन महिने केला. स्वस्त काडतुसांत थोडा फरक पडला, चांगल्या लॉटमध्ये काहीच नाही, आणि घरच्यांनी मला वेड्यात काढले ते वेगळेच.

नळीच्या टोकाला बसवायचे ट्यूनर नावाचे वजन असते. नळी कंप पावताना मंद गोळी किंचित वरच्या कोनात सुटावी आणि फरक लक्ष्यावर मिटावा अशी त्यामागची कल्पना. ती खरी आहे, पण एकाच अंतरासाठी. १०० मीटरला जुळवलेला ट्यूनर २०० मीटरवर साथ देत नाही. मी तो घेतला, वापरला, आणि सध्या तो कॅलिपरच्या खोक्यात आहे.

नवी रायफल येऊन आता चार महिने झाले. पाचव्या लॉटने २०० मीटरवर दहा गोळ्या साडेनऊ सेंटिमीटर उंचीत बसवल्या आणि तो तिसरा कागद काचेखाली ठेवायला जागा करावी लागली. त्या लॉटची वितरकाकडे शिल्लक असलेली, परवान्याच्या मर्यादेत बसतील तेवढी खोकी मी आणि सुभेदारसाहेबांनी वाटून घेतली. माझ्या वाट्याची अकरा उरली आहेत.